एका किकमध्ये

१७ ऑगस्ट २०२५, रविवार. सकाळी ९.४०

या वहीत फक्त तांत्रिक नोंदी राहतील.

उद्देश: पप्पांच्या मोटारसायकलवरचा कार्ब्युरेटर काढून तिथे घरी बनवलेली इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन सिस्टीम बसवणे. गाडी १९९८ ची, शंभर सीसी. कार्ब्युरेटर हवा आणि पेट्रोल अंदाजाने मिसळतो. इंजेक्शनमध्ये सेन्सर मोजतात, कंट्रोलर हिशेब करतो, इंजेक्टर तेवढंच पेट्रोल फवारतो. अंदाजाला जागा नाही.

कारण: गाडी सकाळी सात ते नऊ किक घेते. पप्पांचा उजवा गुडघा तेवढ्या देऊ शकत नाही. त्यांचं लायसन्स ९ ऑक्टोबरला संपतं. काल जेवताना म्हणाले, "आता रिन्यू नाही करायचं. सत्तर झाली, पुष्कळ चालवली. यंदाचा दसरा केला की बस." आई म्हणाली, "बरं झालं, सुटले."

हे ते निराशेतून बोलले. गाडी एका किकमध्ये सुरू झाली की रिन्यूचा फॉर्म आपोआप भरला जाईल. हे त्यांना सांगितलेलं नाही. सांगायची गरज नाही.

मुदत: दसरा, २ ऑक्टोबर. आमच्या घरी त्या दिवशी गावाची हद्द ओलांडून यायची पद्धत आहे. पणजोबा गायकवाडांच्या फौजेत होते, ते घोड्यावरून जायचे. पप्पा गाडीवरून सावली रोडला कॅनॉलच्या पलीकडे जाऊन येतात. सत्तावीस दसरे, एकही चुकला नाही.

हातात सेहेचाळीस दिवस आहेत. लागतील तीस.

भावनिक कारण: नाही.

२४ ऑगस्ट, रविवार. दुपारी १.१५

कार्ब्युरेटर ११.२० ला काढला. त्या जागी भंगारातल्या स्कूटरची थ्रॉटल बॉडी, म्हणजे हवा आत सोडणारी झडप. भोक चार मिलिमीटरने मोठं आहे, अडॅप्टर लेथवर करून घेतला.

रावपुऱ्यात वसंतकाकांकडे गेले होते. त्यांचं गॅरेज आहे आणि ही गाडी पहिल्या सर्व्हिसपासून त्यांच्याच हातात आहे. त्यांच्या गुजराती-मराठीत म्हणाले, "बेन, चालू गाडीला शुं काम छेडायची?" मी त्यांना सिस्टीमची आकृती दाखवली. त्यांनी बराच वेळ बघितली. उलटी धरली होती. मग म्हणाले, "हे टीव्हीचं आहे ना?" मी समजावून सांगितलं. म्हणाले, "हा, पण पेट्रोल कुठून जाणार?"

मी निघताना म्हणाले, "तमारा पप्पांना विचारलं का?"

गाडी घरातलीच आहे. विचारण्याचा प्रश्न येत नाही.

काम पूर्ण: ४०%.

३१ ऑगस्ट, रविवार. सकाळी ११.००

इंजेक्टरची चाचणी. आईच्या खोकल्याच्या औषधाचं माप घेऊन हजार फवारे मोजले. तीन वेळा. फरक दोन टक्क्यांच्या आत. प्लांटमधल्या लॅबमध्ये यापेक्षा वाईट आकडे पास होतात, आणि ते पास करणारी मीच असते.

आई म्हणाली, घरात गणपती आहे आणि धुपाऐवजी पेट्रोलचा वास येतोय. काम बाल्कनीत हलवलं.

आज विसर्जन. दरवर्षी पप्पा गाडी चालवतात आणि मी मागे मूर्ती मांडीवर घेऊन बसते. यंदा गाडी उघडी असल्यामुळे रिक्षा केली. पप्पा रिक्षात मजेत दिसले. हे ते माझ्यासाठी करत असावेत.

काम पूर्ण: ६५%.

१० सप्टेंबर, बुधवार. संध्याकाळी ७.१०

प्लांटमधून आल्यावर पहिली किक दिली. कंट्रोलरने इंजिनाचा वेग मिनिटाला चौदा हजार दोनशे फेरे दाखवला. या वेगाला इंजिनाचे तुकडे झाले असते. इंजिन बंद होतं.

कारण सापडलं: स्पार्क प्लगचा इलेक्ट्रिकल गोंगाट सेन्सरच्या वायरमध्ये शिरतोय. चूक सिस्टीमची नाही, आजूबाजूच्या गाडीची आहे.

टाकीतलं पेट्रोल इंजेक्टरकडे ढकलणारा पंपही आला. आई म्हणाली, पितृपक्षात नवीन वस्तू घरात आणायची नाही. पंप भंगारातला आहे. म्हणजे नवीन नाही. म्हणजे नियम लागू नाही. आई म्हणाली, "तुला वकील करायला हवं होतं. निदान घरात वास तरी आला नसता."

काम पूर्ण: ८०%.

१४ सप्टेंबर, रविवार. सकाळी १०.३०

गाडी सुरू झाली. चार सेकंद.

नंतर अकरा सेकंद. त्यानंतर सायलेन्सरमधून वीतभर ज्वाळा आली. वॉचमनने खुर्ची उचलून गेटच्या दुसऱ्या बाजूला नेली.

पप्पा चार जिने उतरून खाली आले होते. उतरताना त्यांनी कठडा दोन्ही हातांनी धरला होता. विचारलं, "सुरू झाली म्हणायची का?" मी म्हणाले, तत्त्वतः हो. ते म्हणाले, "अच्छा." मग म्हणाले, "तू सकाळपासून काही खाल्लं नाहीस."

किक किती लागल्या ते या टप्प्यावर महत्त्वाचं नाही. (२३.)

काम पूर्ण: ९२%.

२१ सप्टेंबर, रविवार. संध्याकाळी ५.००

नवा मुद्दा. पंप सतत अडीच अँपिअरच्या वर करंट खातो. १९९८ च्या गाडीत एवढी वीज तयारच होत नाही. एकोणीस मिनिटांत बॅटरी खलास.

उपाय: जुन्या यूपीएसची बॅटरी कापडी पिशवीत घालून हँडलला अडकवली. वजन अडीच किलो. गाडी किंचित डावीकडे ओढते. पप्पांनी विचारलं, "भाजी मग उजवीकडे लावायची का?" हा विनोद असावा. तोल साधायला उपयोगी सूचना आहे, नोंद केली.

सहा मिनिटं चालली. हेडलाइट लावल्याबरोबर बंद पडली. सीमोल्लंघन सकाळी असतं. हेडलाइट लागणार नाही. मुद्दा निकाली.

काम पूर्ण: ९५%.

२४ सप्टेंबर, बुधवार. दुपारी १.२०, मकरपुऱ्यातला प्लांट

डब्बा खाताना प्राचीने परत गरब्याचं विचारलं. प्राची माझ्या शेजारच्या टेबलावर प्रेशर गेज तपासते आणि नवरात्रात नऊ दिवस नऊ घागरे घालते. मी म्हणाले, आठ दिवस उरलेत आणि गाडी गरम झाली की परत सुरू होत नाही.

ती म्हणाली, "त्यांनी मागितलं होतं का पण तुझ्याकडे?"

मी म्हणाले, गरज मोजता येते, मागणीची वाट बघायची नसते. रोज नऊ किक, दुखरा गुडघा.

ती म्हणाली, "मग एखादी बटणावर चालणारी स्कूटी घे ना त्यांना. एवढं शुं?"

हा प्रश्न प्रकल्पाच्या कक्षेबाहेरचा आहे.

२८ सप्टेंबर, रविवार. दुपारी १२.४०

पहिली रोड टेस्ट. मी एकटी. समा तलावाच्या दिशेने १.४ किलोमीटर उत्तम. सिग्नलला थांबले, बंद पडली. गरम इंजिनाला एकतीस किक दिल्या. एकतिसावीनंतर माझाच गुडघा दुखायला लागला. ढकलत आणली.

पप्पा गेटशी उभे होते. कधीपासून, माहीत नाही. म्हणाले, "राजू, राहू दे. वसंतला सांगून जुनं बसवून घेऊ. दसऱ्यापुरतं."

मी म्हणाले, अठ्ठ्याण्णव टक्क्यांवरून कोणी परत फिरत नाही.

ते म्हणाले, "मला तेवढा एक दसरा करायचाय गं. कशावरून का होईना."

मी म्हणाले, होईल. आवाज जरा चढला असेल. रस्त्यावर गोंगाट होता.

ते चपलेने गेटजवळची खडी सारखी करत राहिले.

काम पूर्ण: ९८%.

३० सप्टेंबर, मंगळवार, अष्टमी. संध्याकाळी ७.३०

मूळ दोष सापडला. तापमानाच्या सेन्सरची अर्थिंगची वायर सैल. कंट्रोलरला इंजिन कायम थंडच वाटत होतं, म्हणून तो पेट्रोल ओतत होता. घट्ट केली. तिसऱ्या किकला सुरू. आठ मिनिटं जागेवर चालली. आता फक्त गरम इंजिनाचे आकडे बदलायचे. तासाभराचं काम.

तेवढ्यात पप्पा चौरंग घेऊन आले. उद्या खंडेनवमी. आमच्याकडे अष्टमीच्या संध्याकाळीच हत्यारं पूजेला बसतात, आणि दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्यांना कोणी हात लावत नाही. पणजोबांची तलवार, तिच्याखाली माझा मल्टिमीटर, सोल्डरिंग आयर्न, पान्यांचा सेट, लॅपटॉप. सगळ्यांना हळद-कुंकू. मी म्हणाले, लॅपटॉप हत्यार नाही. पप्पा म्हणाले, "ज्याच्यावर पोट चालतं ते हत्यार." मी म्हणाले, फक्त एक तास. ते म्हणाले, "माझ्या आजोबांनी नवमीला कधी सुरीने कांदा कापू दिला नाही. हातानेच फोडायचे."

दुसरा लॅपटॉप नाही. आकडे जसे आहेत तसेच राहतील. मी शांत आहे. थंड इंजिनाला तीन किक, गरम इंजिनाचं माहीत नाही, कॅनॉलवर गाडी बंद करायची नाही एवढं पाळलं की झालं.

हे पप्पांना सांगायला दोनदा गेले. सांगितलं नाही.

काम पूर्ण: ९९%.

१ ऑक्टोबर, बुधवार, नवमी. संध्याकाळी ६.४०

प्लांटमधून आले. गाडी पार्किंगमध्ये कव्हर घालून, वरून झेंडूचा हार. पप्पा म्हणाले, "पुसून, पूजा करून ठेवली. आता दसऱ्यापर्यंत कव्हर काढायचं नाही."

बाजूला एक प्लास्टिकची खुर्ची होती. वसंतकाका सणाच्या भेटीला येऊन गेले म्हणे. पप्पांच्या लेंग्याला गुडघ्यापाशी काळं ग्रीस होतं. गाडी पुसताना लागतं.

घरात पेट्रोलचा वास येतोय, असं आई आज म्हणाली नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा. दुपारी १२.००

८.०५: पप्पांनी गाडी स्वतः ढकलत गेटबाहेर नेली. पूर्वेला तोंड करून सुरू करायची म्हणाले. मी मदतीला निघाले तर म्हणाले, "आपट्याची पानं वर राहिली, घेऊन ये."

८.१२: पानं घेऊन खाली आले. गाडी चालू होती. किक: १ (पप्पांच्या सांगण्यावरून).

८.१५ ते ८.४०: मी मागे बसले. कुठेही बंद पडली नाही. सिग्नलला नाही, चढावर नाही. आवाज आपल्या ओळखीचा होता. मी पप्पांच्या मानेकडे आणि रस्त्याकडे बघत होते. खाली बघितलं नाही. मागे बसणाऱ्याने खाली बघू नये, तोल जातो.

८.४०: कॅनॉलच्या पलीकडे. त्यांनी गाडी बंद केली. मी काही बोलणार होते. ते पाण्याकडे बघत म्हणाले, "झाला बघ दसरा." खूप वेळ उभे होते. मग म्हणाले, "जा, पलीकडून दोन नारळपाणी आण." आणेपर्यंत गाडी परत चालू. कपाळावर घाम होता. ऊन होतं. किक: १ (पप्पांच्या सांगण्यावरून).

घरी सोनं द्यायला आलेल्या प्रत्येकाला ते सांगत होते, "राजेश्वरीने गाडी एका किकवर आणली." मी विचारलं, मग लायसन्स? त्यांनी आईकडे बघितलं. मग म्हणाले, "करू या रिन्यू. आता काय, एक तर किक." आईने हातातला पोळ्यांचा डबा खाली ठेवला आणि परत उचलला.

लगेच आरटीओची अपॉइंटमेंट घेतली. ९ ऑक्टोबर, सकाळी ११.००.

काम पूर्ण: १००%.

३ ऑक्टोबर, शुक्रवार. संध्याकाळी ७.००

कव्हरचा एक कोपरा उचलून, सीटखालच्या कंट्रोलरमधून मेमरी कार्ड काढलं. लॅपटॉपवर बघितलं.

कालची नोंद: बावन्न मिनिटं. इंजिनाचे फेरे: शून्य. इंजेक्टरचे फवारे: शून्य. पंपाचा करंट: शून्य. बॅटरी पूर्ण भरलेली.

म्हणजे गाडी चौदा किलोमीटर एक थेंबही न फवारता धावली. हे शक्य नाही. निष्कर्ष: कार्ड खराब.

५ ऑक्टोबर, रविवार. दुपारी ४.००

कार्ड तपासलं. चांगलं आहे.

दुसरी शक्यता: गाडी सुरू होताक्षणी सगळे सेन्सर एकदम बंद पडले आणि इंजिन तसंच चालत राहिलं. अशी शक्यता पुस्तकात नाही. पुस्तकात सगळंच नसतं.

कव्हर काढून बघितलं नाही. चालू सिस्टीम विनाकारण उघडायची नाही, हा इन्स्ट्रुमेंटेशनमधला नियम आहे. पूर्ण रविवार मोकळा होता. बाल्कनी धुतली.

पप्पा रोज सकाळी मी बसला निघाले की गाडीवरून दूध आणायला जातात. संध्याकाळी विचारलं की सांगतात, "एक किक." सध्या गुडघ्याला दोन वेळा मलम लावतात. दसऱ्याची दगदग.

८ ऑक्टोबर, बुधवार. संध्याकाळी ७.२५

कंपनीची बस सकाळी ७.१० ला सोसायटीच्या कोपऱ्यावर येते. आज पुढे गटाराचं खोदकाम होतं, म्हणून ड्रायव्हरने ती मागच्या गल्लीतून काढली.

मागच्या भिंतीला लागून पप्पा होते. घरातून दिसणार नाही अशा जागी गाडी लावलेली. त्यांनी किक मारली. थांबले. डाव्या पायावर भार घेतला. परत मारली. बस खोदकामामुळे जागेवरच उभी होती, त्यामुळे मोजता आलं. पाचवीनंतर त्यांनी सीटवर दोन्ही हात टेकून मान खाली घातली. सातवीनंतर गुडघा दाबला. नवव्या किकला गाडी सुरू झाली.

शेजारी प्राची होती. तिने काहीतरी विचारलं. मी म्हणाले, "काही नाही, मोजतेय."

ही नोंद फक्त किकची: ९.

९ ऑक्टोबर, गुरुवार. सकाळी ९.५०

आरटीओसाठी सुट्टी घेतली होती. आठ वाजता पप्पा इस्त्रीचा शर्ट घालून, फॉर्म घेऊन हॉलमध्ये बसलेले. उजवा पाय स्टुलावर.

मी म्हणाले, "पप्पा, गाडीवर कार्ब्युरेटर आहे."

त्यांनी चष्मा काढला. "कधी बघितलंस?"

"बघितलं नाही."

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "सांगून टाका एकदाचं. माझ्याच्याने नाही होत आता."

मग तिनेच सांगितलं. नवमीला वसंतकाका कार्ब्युरेटर बसवायला आले, पण त्या दिवशी पान्याला हात लावायला तयार होईनात. त्यांचीही हत्यारं पूजेत होती. ते खुर्चीवर बसून नुसतं सांगत होते, "जगदेवराव, हवे दस नंबर. ढीलो करा. पूरा नाही, अर्धो." आणि पप्पा चौरंगावरचा माझा पान्यांचा सेट घेऊन, गुडघा मुडपून, सव्वादोन तास खाली फरशीवर. सत्तर वर्षांत पहिल्यांदा.

मी विचारलं, "नवमीला पाना उचललात?"

पप्पा म्हणाले, "आधी हात जोडले. मग उचलला."

मी म्हणाले, "दसऱ्यासाठी बसवलंत, ते समजलं. लायसन्स कशाला?"

"तू दीड महिना खपलीस. गाडी सुरू झाली असं तुला वाटतंय, आणि मी घरी बसलो, तर तू म्हणशील कशासाठी केलं."

"तुम्हाला चालवायची आहे का?"

हा प्रश्न मी पहिल्यांदाच विचारला. 

"नाही गं," ते म्हणाले. "विसर्जनाला रिक्षात बसलो ना, तेव्हा मला कळलं, अमितनगरच्या नाक्यावर केवढं मोठं झाड आहे. समा ते रावपुरा मी इतकी वर्षं गेलो-आलो, पण चालवताना माणूस खड्डेच बघतो. मला आता जरा बाजूचं बघायचंय." मग फॉर्मकडे बघून म्हणाले, "पण तुझी अपॉइंटमेंट आहे तर जाऊ या. पाच वर्षांचाच प्रश्न आहे."

आई म्हणाली, "रोज नऊ किक, पाच वर्षं. हिला गुणाकार येतो."

मी फॉर्म त्यांच्या हातातून घेतला. त्यांनी सोडला, जरा पटकनच. पाय स्टुलावरून खाली घेतला, शर्टाची वरची दोन बटणं काढली आणि म्हणाले, "मग चहा टाकायला सांग."

आरटीओच्या साइटवर अपॉइंटमेंट रद्द करायला गेले. कारण निवडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. यादीत चार कारणं होती: तब्येत, गावाबाहेर, कागदपत्रं अपूर्ण, इतर. चारही दोनदा वाचली.

"इतर" निवडलं.